शेजारी बसलेलं मूल हाच अर्धा शिक्षक

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. मुलगी यंदा किंडरगार्टनला जाईल. जवळच्या पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी शाळेत, स्पॅनिश-इंग्रजी दुहेरी वर्ग आहे: दोन्ही भाषांची मुलं एकत्र बसून दोन्ही भाषांत शिकतात. घरी मात्र मराठी. तीन भाषांची खिचडी होणार नाही ना?

होईल, थोडे दिवस. ‘आई, आग्वा दे’ असं ऐकू आलं तर हसा आणि पाणी द्या. तुम्ही मात्र मराठीतच बोलत राहा. एक गंमत सांगते: स्पॅनिशमधला ‘त’ आपल्यासारखाच दाताला जीभ लावून म्हणतात, त्यामुळे तिचा ‘तोमाते’ पहिल्याच आठवड्यात झकास जमेल. शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतील. तिथे मराठीच लिहा. मग तिची इंग्रजीची चाचणी होईल, म्हणून काही पालक बिचकून ‘इंग्रजी’ लिहितात. तसं करू नका.

मुलगा अशाच दुहेरी वर्गात दुसरीत आहे. शेजारची मुलं इंग्रजी पुस्तकं घडाघडा वाचतात, हा अडखळतो. चुकलो का आम्ही?

आधी त्याच्या शाळेत दोन भाषांचं प्रमाण काय, ते विचारा. ९०-१० पद्धतीत सुरुवातीला दिवसाचा नव्वद टक्के भाग स्पॅनिशमध्ये शिकवतात आणि दरवर्षी इंग्रजी वाढवत चौथी-पाचवीपर्यंत निम्मं-निम्मं करतात. ५०-५० पद्धतीत पहिल्यापासूनच वाटणी समान असते. तुमची शाळा ९०-१० वाली असेल, तर दुसरीत अडखळणं हे वेळापत्रकाप्रमाणेच चाललंय. स्पॅनिशचं लेखन पुष्कळसं उच्चारानुसार असतं. अक्षरं जुळवून वाचायचं कसं, हे त्यात एकदा कळलं की ती युक्ती इंग्रजीतही उपयोगी पडते. मात्र तो स्पॅनिशही अडखळतच वाचत असेल, तर थांबू नका, शिक्षिकेला भेटा. अडचण भाषेची नसून वाचनाची असू शकते.

तिसरीत राज्याची इंग्रजी परीक्षा येते, तेव्हा पालकांचा धीर सुटतो. या वर्गांमागचा इतिहासही असाच धीर सुटण्याचा आहे. १९६३मध्ये मायामीच्या कोरल वे शाळेत क्यूबातून आलेली निर्वासित मुलं आणि स्थानिक मुलं एकत्र, दोन्ही भाषांत शिकू लागली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मात्र १९९८मध्ये शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून व्हावं असा कौल दिला आणि २०१६मध्ये तो फिरवला.

साताऱ्यात आमच्या शाळेत सेमी-इंग्रजी आहे. तेही हेच ना? – एक शिक्षक

नाही, सर. सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं, पण वर्गातल्या कुणाच्याच घरी इंग्रजी नसतं. दुहेरी वर्गात स्पॅनिश घरची असलेला मुलगा शेजारणीला शब्द सांगतो, गणिताच्या तासाला ती त्याला इंग्रजी सांगते. दोघांनाही गरज असते आणि दोघांचाही मान राहतो. सेमीत हा सगळा भार एकट्या तुमच्यावर येतो.

दोन वर्षं करून बघू, नाही जमलं तर काढू. चालेल?

मग घालूच नका. ९०-१०मध्ये दोन वर्षांनी काढलंत, तर स्पॅनिश अर्धवट राहील आणि इंग्रजी वाचन नुकतंच सुरू होत असेल. पाचवीपर्यंत ठेवायची तयारी असेल तरच नाव नोंदवा.