ग्रंथसंग्राहकांचे प्रश्न : घरातील मराठी पुस्तकांची नोंद

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांची सुमारे दीड हजार पुस्तके माझ्याकडे आली असून त्यांतील बहुतेक मराठी आणि १९८० पूर्वीची आहेत. त्यांची यादी मी ‘लायब्ररीथिंग’ या वाचकांच्या संकेतस्थळावर करू लागलो आहे. इंग्रजी पुस्तके आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) टाकताच सर्व तपशिलांसह येतात; मराठी पुस्तके मात्र एक तर सापडत नाहीत किंवा ओळखू न येणाऱ्या रोमन रूपात सापडतात. ही नोंद हाताने करावी का, आणि कशी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : होय, हातानेच करावी, आणि पुस्तक समोर उघडे ठेवून करावी. २००५ साली सुरू झालेले हे संकेतस्थळ पुस्तकांची माहिती ग्रंथालयांच्या तालिकांतून आणि विक्रेत्यांकडून घेते. आयएसबीएनची पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० मध्ये ठरली आणि मराठी प्रकाशनात ती त्यानंतर बऱ्याच काळाने रुळली, त्यामुळे आपल्या वडिलांच्या पुस्तकांवर हा क्रमांक नसणे स्वाभाविक आहे. मराठी पुस्तकांच्या भरवशाच्या नोंदी प्रामुख्याने अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मिळतात, कारण तिचे दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके घेत आले आहे. मात्र या नोंदी ठरावीक नियमांनी रोमन लिपीत केलेल्या असतात आणि त्यांत आपण न उच्चारलेला ‘अ’देखील लिहिला जातो, ‘खानोलकर’ या आडनावाच्या शेवटीही एक जास्तीचे स्वराक्षर येते ते याचमुळे. अशा नोंदीवरून प्रकाशनवर्ष आणि प्रकाशक पडताळून घ्यावा, पण आपली नोंद देवनागरीतच ठेवावी.

माहिती घ्यायची ती शीर्षकपृष्ठावरून आणि त्याच्या मागील पानावरून, मुखपृष्ठावरून नव्हे. मुखपृष्ठ सजावटीसाठी असते, त्यावर उपशीर्षक गाळलेले असते, क्वचित नावही वेगळे असते. मागील पानावर आवृत्ती आणि पुनर्मुद्रण असे दोन्ही शब्द दिसले तर दोन्हींची वर्षे लिहावीत, कारण पहिल्या आवृत्तीचे १९५२ सालचे पुस्तक आणि त्याचे १९७१ सालचे पुनर्मुद्रण यांतील फरक पुढे आपल्यालाच हवा असतो. जुन्या पुस्तकांवर केवळ शक आढळतो. त्यात ७८ मिळवल्यास इसवी सन मिळतो, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. म्हणून शके १८६९ हे १९४७-४८ होते. सनाच्या रकान्यात १९४७ लिहावे आणि मूळ शक टिपणीत जसाच्या तसा ठेवावा.

शीर्षकांच्या बाबतीत एका गोष्टीकडे मी आग्रहाने लक्ष वेधतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये स्वीकारले गेले, आणि त्यापूर्वीच्या पुस्तकांच्या नावांतही अनुच्चारित अनुस्वार असत. ‘कांहीं’ असे छापलेले शीर्षक ‘काही’ लिहून शोधले तर यंत्राला ते सापडेलच असे नाही. तरीही शीर्षक सुधारू नये. ते छापल्याप्रमाणेच लिहावे आणि आजचे रूप खूणशब्दांत (टॅग) किंवा टिपणीत द्यावे. शीर्षकपृष्ठ हा पुस्तकाचा पुरावा आहे, आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार नोंद करणाऱ्याला नसतो असे माझे ठाम मत आहे.

लेखकाच्या नावाचा एकच नमुना आरंभीच ठरवावा. ‘शिरवाडकर, वि. वा.’ असे आडनाव आधी लिहिण्याची रीत ग्रंथालयांत रूढ आहे आणि ती सोयीची आहे. मात्र शीर्षकपृष्ठावर ‘कुसुमाग्रज’ असेल तर नोंदही त्याच नावाने करावी आणि मूळ नाव टिपणीत घ्यावे, नाही तर कविता एकीकडे आणि नाटके दुसरीकडे जातील व दोहोंचा दुवा राहणार नाही. एकाच लेखकाची देवनागरी आणि रोमन पाने एकत्र जोडण्याची सोय लायब्ररीथिंगवर सदस्यांना दिलेली आहे. ती वापरलीत तर आपले श्रम इतर मराठी वाचकांच्याही उपयोगी पडतील. शीर्षकपृष्ठच फाटलेले असेल तर शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ पाहावी. तिच्या दोन भागांत १८०० ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांची नोंद आहे आणि जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात ती पाहायला मिळू शकते.

वडिलांची स्वाक्षरी, खरेदीची तारीख, अर्पणाच्या ओळी, समासातील टिपा यांची नोंद अवश्य करावी. पुस्तकाची प्रत इतरत्र मिळेल, या खुणा मिळणार नाहीत. त्यांसाठी फक्त आपल्याला दिसणारा खासगी टिपणीचा रकाना आहे. घरातील कपाट आणि फळी सांगणारा खूणशब्दही प्रत्येक नोंदीला जोडावा.

प्रश्न : माझ्या नोंदी ‘गुडरीड्स’ या वाचकांच्या दुसऱ्या संकेतस्थळावर आहेत. त्या लायब्ररीथिंगवर हलवता येतील का, आणि हलवाव्यात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हलवता येतात. वाचलेल्या पुस्तकांवर मत मांडणे आणि इतरांची मते वाचणे एवढाच हेतू असेल तर हलवण्याची गरज नाही. २०१३ पासून ॲमेझॉनच्या मालकीचे असलेले गुडरीड्स त्यासाठी पुरेसे आहे. परंतु तेथे पुस्तकाची नोंद सर्वांची सामाईक असते, तर लायब्ररीथिंगवर आपल्या प्रतीचे तपशील आपण स्वतंत्रपणे बदलू शकता. ज्यांना संग्रहाची तालिका करायची आहे त्यांनी लायब्ररीथिंगचा मार्ग धरावा. २०२० पासून वैयक्तिक संग्रहासाठी तेथे पुस्तकांच्या संख्येची मर्यादा किंवा शुल्क नाही.

गुडरीड्सवरून नोंदी सीएसव्ही (साध्या मजकुरातील तक्ता) फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात आणि ती फाइल लायब्ररीथिंग स्वीकारते. मध्येच ती एक्सेलसारख्या तक्त्याच्या प्रणालीत उघडून जतन करू नये. तसे करावेच लागले तर यूटीएफ-८ हा अक्षरसंकेतनाचा पर्याय निवडावा, अन्यथा देवनागरी अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे येतात. आणि आयएसबीएनचा स्तंभ मजकूर म्हणून ठेवावा, नाही तर दहा अंकी क्रमांकाच्या आरंभीचे शून्य गळून पडते आणि ते पुस्तक सापडत नाही. नोंदी हलवून झाल्यावरही मूळ फाइल स्वतःच्या संगणकावर ठेवावी व वर्षातून एकदा लायब्ररीथिंगवरूनही नवी प्रत उतरवून घ्यावी.