नवी बॅटरी घातली तरी गाडी नुसतीच टक करते

प्रश्न : माझ्याकडे पंचवीस वर्षं जुनी पेट्रोल कार आहे, कार्ब्युरेटरवाली. महिन्याभरापासून सकाळी चावी फिरवली की बॉनेटखाली एकदा टक वाजतं आणि शांत. मेकॅनिकने नवी बॅटरी घातली, दोन दिवस मस्त चालली, परत तेच. आता तो म्हणतोय स्टार्टर मोटर बदला. हेडलाइट मात्र झकास लागतात. घालू का नवीन मोटर?

उत्तर : थांबा हो, इतक्यात नको. आधी त्या हेडलाइटचं बघू, कारण तिथेच भलेभले फसतात. 55 वॅटचे दोन दिवे मिळून साधारण 9 अँपिअर ओढतात आणि सेल्फ मारताना स्टार्टर मोटर आरामात 150 च्या आसपास खेचते, त्यामुळे दिवे लागले म्हणजे करंट नीट पोचतोय असं अजिबात नसतं.

आता आवाज. टकटकटकटक अशी भराभर टिमकी वाजली तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते, म्हणजे सोलेनॉइड (स्टार्टरला मोठा करंट जोडून देणारा विजेवरचा स्विच) ओढला जातो, लगेच व्होल्टेज पडतं, तो सुटतो, परत ओढला जातो. तुमचा आवाज एकच आणि ठणठणीत टक आहे, म्हणजे सोलेनॉइड आपलं काम करतोय पण पुढे मोटर फिरवायला लागणारा जाडजूड करंट कुठेतरी अडतोय. आणि नवीन बॅटरीवर ते दोन दिवस गाडी का चालली माहितीये का, माझ्या मते बॅटरीमुळे नाहीच, बदलताना टर्मिनल घासली गेली आणि घट्ट बसली म्हणून! सकाळीच त्रास होतो तेही यात बसतं, थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं, मोटरला जास्त जोर लागतो, मग वायरिंगमधला जरासा दोषही उघडा पडतो.

एक साधा मल्टीमीटर आणा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. आधी बंद गाडीत बॅटरीवर बघा, 12.6 च्या आसपास पाहिजे, 12.2 दिसलं तर अर्धीच चार्ज आहे, आधी चार्ज करा. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (खांबावर हं, क्लँपवर नाही) आणि दुसरी इंजिनच्या कुठल्यातरी स्वच्छ धातूवर टेकवा आणि कुणालातरी चावी फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगची वायर, म्हणजे मायनसकडून बॉडी-इंजिनला जाणारी वायर, खराब. तसंच प्लस खांब ते स्टार्टरचा मोठा बोल्ट. वायरमध्ये एका ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला तरी 150 अँपिअरला तिथेच दीड व्होल्ट गडप होतात. मात्र मोटरने करंट ओढलाच नाही तर अर्थिंग खराब असूनही आकडा शून्यच येतो, म्हणून चावी फिरवताना हेडलाइट लावून ठेवा. ते जराही मंद झाले नाहीत तर करंट मोटरपर्यंत जातच नाहीये असं समजा.

मीटर नसेल तर जंपर केबलचा एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा थेट इंजिनच्या धातूला लावून सेल्फ मारा. फिरली ना गाडी? मग चोर सापडला.

माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत मी दोन बॅटऱ्या वाया घालवल्या होत्या, मग कळलं. अर्थिंगची वायर वरून एकदम चकाचक होती. क्लँपजवळ पिळली तर कव्हरच्या आतून हिरवी भुकटी भुरभुर पडायला लागली, आणि कापून बघितलं तर तांब्याच्या मोजून सात-आठ तारा शिल्लक. बाकी सगळा गंज.

वायर काढताना आधी मायनस सोडायचा आणि जोडताना मायनस शेवटी, नाहीतर प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणग्यांचा पाऊस पडतो. बॉडीवर जिथे वायर बसते तिथला रंग, गंज घासून काढा. हे सगळं करूनही तसंच असेल, दोन्हीकडचे आकडे नीट असतील, तर मग खुशाल मोटर उतरवा, आणि तरी आधी उघडून बघा, कित्येकदा नुसते कार्बन ब्रश झिजलेले असतात, नाहीतर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेले.

प्रश्न : सेल्फ मारतोय तोपर्यंत इंजिन पकडतं, चावी सोडली की त्याच क्षणी बंद. पॉइंटवाली, म्हणजे ठिणगीचा करंट कॉन्टॅक्टने तोडणारी, जुनी गाडी आहे. पेट्रोल पंप बदलून झाला.

उत्तर : पंप बिचारा उगाच गेला. पेट्रोल संपत आलं की इंजिन आधी गचके देतं मग मरतं, चावीच्या खटक्यावर मरत नाही. खटक्यावर मरतंय म्हणजे इग्निशन, ठिणगी पाडणारी यंत्रणा. बऱ्याच पॉइंटवाल्या गाड्यांत कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) आधी करंट कमी करणारा एक बॅलास्ट रेझिस्टर असतो, सिरॅमिकचा पांढरा तुकडा नाहीतर नुसती रेझिस्टन्सची वायर. सेल्फ मारताना कॉइलला त्याला वळसा घालून बॅटरीचा थेट करंट मिळतो, चावी सोडली की याच्यातून. तो तुटला की तुमच्यासारखं होतं. चावी ऑन ठेवून कॉइलच्या प्लसवर मोजा, शून्य आलं तर रेझिस्टर किंवा चावीचा स्विच यातलं एक गेलं. रेझिस्टरच्या अलीकडे 12 येतायत आणि पलीकडे काही नाही, म्हणजे रेझिस्टरच. कोणी म्हणेल डायरेक्ट जोडून टाक, घरी पोचण्यापुरतं ठीक आहे, पण तसंच चालवत राहिलात तर कॉइल तापेल आणि पॉइंट जळतील.

प्रश्न : कार्ब्युरेटरची गाडी गरम असताना बंद करून दहा मिनिटांनी चालू होत नाही, तासाभराने होते.

उत्तर : इंजिनच्या उष्णतेने कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून आत उतरतं, गाडी ओव्हर होते, म्हणजे पेट्रोल जास्त झाल्याने इंजिन पकडत नाही. चोक अजिबात ओढू नका. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा, पंपिंग करू नका, आणि सेल्फ मारा, पण एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही आणि मध्ये मिनिटभर मोटरला थंड होऊ द्या. तरी ऐकत नसेल तर गाडी गरम असतानाच प्लगवर स्पार्क येतोय का बघा, तापल्यावर हार मानणारी कॉइल हुबेहूब असाच त्रास देते. फक्त तेव्हा आसपास पेट्रोलचा वास नसावा आणि प्लगची वायर हातात धरू नका, इन्सुलेटेड पकडीत धरा, झटका हजारो व्होल्टचा असतो.