मुलाला न मारता शिस्त लावता येते का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा तेरा वर्षांचा आहे, मोबाइल सोडत नाही, अभ्यासाला धरून बसवावं लागतं, आणि घरातले वडीलधारे म्हणतात, 'दोन ठेवून दे, सरळ होते.' हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही.

मी मार खाऊनच वाढलो. वर्धा जिल्ह्यातलं गाव, घरी कपाशी अन् तूर, बाबांच्या हातात बैल हाकायची तुतारी. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, मुलांच्या हाताला काम देऊन शिकवायची. त्याच वर्ध्यापासून वीस किलोमीटरवर मी पाठीवर वळ घेऊन पाढे म्हटले. त्यातून शिकलो काय? बाबांच्या वहाणांचा आवाज ओळखायला. अंगणातल्या गिट्टीवर वहाण वाजली की पुस्तक उघडायचं, आवाज गोठ्याकडे वळला की मिटायचं. अकरावीला वर्ध्यात खोली करून राहिलो. तिथं वहाण वाजवणारं कोणी नव्हतं. वर्षभर पुस्तकाला हात लावला नाही.

एवढं कळूनही माझ्या पोराला मी एकदा थापड मारलीच. नववीत होता, रात्री बारापर्यंत मोबाइल. दुसऱ्या दिवसापासून मोबाइल दिसेना, मी खूश. आठ दिवसांनी ढोरांना ढेप काढायला गेलो, तर गोठ्यातल्या बोर्डाला, पोत्यामागे, चार्जिंगला लावलेला.

मग त्यालाच विचारलं, किती वाजता ठेवशील? मी नऊ म्हणत होतो, तो साडेनऊ. साडेनऊ ठरलं, भिंतीतल्या देवळीत ठेवायचं, घरातल्या सगळ्यांनी. पहिले चार दिवस त्यानं नाटकं केली, नंतर ठेवू लागला. एकदा सव्वादहाला मी अंगणात कापसाचे भाव बघत बसलो होतो. पोरगं आलं, काही न बोलता हात पुढं केला. द्यावा लागला.

पण खरा फरक पडला गोऱ्ह्यानं, म्हणजे तरण्या बैलानं. आता गावात सगळीकडे ट्रॅक्टर, तरी बाबांनी एक जोडी ठेवलीय. मागच्या उन्हाळ्यात अडीच वर्षांचा गोऱ्हा शिकवायचा होता. बाबांचे गुडघे गेलेले, म्हणून काम नातवाकडे. आधी नुसतं जू खांद्यावर ठेवून म्हाताऱ्या बैलाच्या जोडीनं फिरवायचा, मग नाल्याच्या रेतीत ओंडका ओढायला लावायचा, अर्धा तास झाला की सोडून द्यायचा. ऊन चढलं की जनावर ऐकत नाही, म्हणून पोरगं साडेपाचला आपणहून उठायचं. मध्ये दोन दिवस दांडी मारली, तर तिसऱ्या दिवशी गोऱ्हा जू पाहताच मागं सरकला. कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

त्या दिवशी चिडून पोरानं तुतारी उचलली. बाबा बांधावरून ओरडले, "ठेव ते! मारू नको त्याले. मारलं त बसते, मंग जू पाह्यलं का बसते."

मी बाजूलाच उभा. म्हटलं, "बाबा, मले त याच तुतारीनं..."

माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू काय गोऱ्हा होता?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी हाच माणूस बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतो अन् म्हणतो, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' माझ्या पाठीला हळद आईनं लावली होती, तीही चुलीमागं, लपून.

तर तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना माझं नाव सांगून विचारा, बैलाला चालत नाही ते पोराला कसं चालतं? शाळेत मारायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं बंदी घातली, अन् आपण अजून घरी 'आम्ही मार खाल्ला म्हणून माणसात आलो' घेऊन बसलोय. मी काही त्यामुळं माणसात आलो नाही. बायकोला विचारा.

राहिला तुमचा अभ्यासाचा प्रश्न. तुमच्याकडं वावर नसेल, गोऱ्हा तर नसेलच. काहीतरी खरंखुरं काम द्या, जे त्यानं नाही केलं तर खरंच अडेल. खोटं काम पोरं लगेच ओळखतात. आणि नंतर स्वतः उठून करून टाकू नका. मुलगी असेल तर भांडी घासायला लावणं म्हणजे शिस्त, हे डोक्यातून काढा, तिलाही जू धरू द्या. पोरगं झोपत नसेल, जेवत नसेल, कोणाशी बोलतच नसेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरला दाखवा, ती वेगळी गोष्ट आहे.

आणि हो, गोऱ्हा आता डवऱ्याला, म्हणजे पिकात तण काढायच्या अवजाराला, चालतो, ओळीच्या टोकाला तेवढा अजून उजवीकडे ओढतो. पोराचं गणित कच्चंच आहे, ते विचारू नका.