हँडलला लटकून दारं उघडणाऱ्या बोक्याला कसं आवरायचं? (भाड्याचा फ्लॅट आहे, दाराला नवी भोकं पाडता येणार नाहीत)

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: अडीच वर्षांचा बोका आहे, उडी मारून हँडलला लटकतो, स्वयंपाकघराचं दार उघडून ओट्यावरचं साफ करतो आणि पहाटे साडेचारला बेडरूमचं दार उघडून उशाशी हजर होतो. मालक दाराला नवी भोकं पाडू देत नाहीत. तर भोक न पाडता होणाऱ्या गोष्टी आधी सांगतो.

पहिलं काम म्हणजे बोका दार नेमकं कसं उघडतोय ते बघणं. हँडल खरंच दाबतोय, की दार नुसतं लोटलेलं असतं आणि तो डोक्याने ढकलतोय? दार लावा आणि हँडलला हात न लावता तळव्याने जोरात ढकला. उघडलं तर बोक्याच्या हुशारीचा प्रश्नच नाही, लॅच, म्हणजे हँडल दाबलं की आत जाणारी कुलपाची जीभ, चौकटीत बसत नाहीये. आपल्याकडे पावसाळ्यात दार फुगतं, मग कोणी ते पुरतं लावत नाही. उन्हाळ्यात तेच दार आकसतं आणि लॅचचं टोक चौकटीतल्या पत्र्याच्या भोकापर्यंत जेमतेम पोचतं. लॅचच्या टोकाला खडू फासून दार लावा, पत्र्यावर खूण कुठे उमटते ते दिसेल. खूण भोकाच्या खाली असेल तर दार लोंबलंय, वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. स्क्रू फिरतच राहत असेल तर भोकात फेविकॉल लावलेल्या दोन-तीन काड्यापेटीच्या काड्या ठोका, वाळू द्या आणि तोच स्क्रू परत बसवा. याला नवं भोक लागत नाही.

लॅच नीट बसतोय आणि तरीही दार उघडतंय, म्हणजे बोका हँडलच दाबतोय. इथे एक छोटी परीक्षा करा. एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली सुतळीने हँडलच्या अगदी टोकाला टांगा. बहुतेक आडवी हँडलं एवढ्याने किंवा दोन बाटल्यांनी पुरती खाली येतात. बोक्याचं वजन चार-पाच किलो, शिवाय उडीचा हिसका. हँडलच्या टोकापासून ते ज्या आरपार दांडीवर फिरतं तिथपर्यंत बारा-तेरा सेंटिमीटरची तरफ त्याला आयतीच मिळते. म्हणून सुतार ‘स्प्रिंग कडक करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. चार किलोला दाद न देणारी स्प्रिंग बसवली तर घरातल्या आजींना ते दार उघडणार नाही. हँडल वर सरकवण्यातही अर्थ नाही. ते जमिनीपासून साधारण मीटरभर उंच असतं आणि धडधाकट मांजर दीड मीटर सहज उडी मारतं.

आता उपाय. सगळ्यात स्वस्त उपाय दारावर आधीच असतो आणि लोक तोच विसरतात. मॉर्टिस लॉकला, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेल्या कुलपाला, किल्ली असते. किल्ली फिरवली की लॅचखालचा जाड बोल्ट चौकटीत जातो, मग बोका हँडलला रात्रभर लटकला तरी दार हलत नाही. स्वयंपाकघरासाठी हे पुरेसं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये दारांना बाहेरून कडी किंवा अल्ड्रॉप असतोच, तो वापरा. फक्त कडी सरकवून सोडून देऊ नका. तिची मूठ खाली वळवून खाचेत बसली पाहिजे. मूठ मोकळी राहिली तर पंज्याचे आठ-दहा फटके मारून मांजर आडवी कडी सरकवतं. सैल पडलेली उभी कडी तर दाराच्या धक्क्यानेच निसटते.

बाहेरून कडी लावायची असेल तर एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: आत माणूस असताना नाही. बेडरूमला किंवा संडासाला सवयीने बाहेरून कडी लागली आणि आत म्हातारं माणूस किंवा मूल असलं तर रात्री मोठाच घोळ होतो. बेडरूमला रात्री आतून कडी लावा, तिथे दुसरं काही लागत नाही.

रोज किल्ली फिरवायचा कंटाळा येत असेल तर हँडल बदला. आडव्या हँडलऐवजी गोल नॉब. मांजराला अंगठा नाही, गुळगुळीत गोल मूठ दोन पंज्यांत धरून पिळणं त्याला जमत नाही. पण दुकानात ‘गोल नॉबचं लॉक’ मागितलंत तर दुकानदार बहुधा सिलिंड्रिकल लॉक काढून देईल. त्याला दारात मोठं गोल आरपार भोक लागतं, तुमच्या मॉर्टिसच्या दारात ते बसणार नाही. तुम्हाला फक्त नॉबची जोडी हवी, जुन्याच मॉर्टिसच्या चौकोनी दांडीवर बसणारी. दांडी बहुतेक ८ मिलिमीटरची असते, तरी जुनी काढून सोबत न्या. हँडल लांब प्लेटवर असेल तर दांडीच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून न्या आणि नव्या प्लेटचे स्क्रू जुन्या भोकांवरच येतील अशी प्लेट घ्या. नाहीतर नवी भोकं पडतील आणि घर सोडताना मालकांना ती दिसणारच. जुनी हँडलं स्क्रूंसकट पिशवीत घालून ठेवा, जाताना परत लावायची आहेत. घरात कोणाचे सांधे दुखत असतील तर मात्र नॉब नको, त्यांना तो पिळताना त्रास होतो.

इंटरनेटवर आणखी एक सल्ला सापडतो, हँडल उभं करा. दांडी चौकोनी असल्यामुळे हँडल नव्वद अंशांत फिरवून बसवता येतं. हँडलच्या मानेखालचा बारीक स्क्रू अॅलन कीने सैल करायचा, हँडल ओढून काढायचं आणि फिरवून परत घालायचं. हे चालतं, पण टोक खाली असेल तरच. टोक वर ठेवलंत तर बोका त्याला लटकताच हँडल बाजूला कलंडतं आणि दार उघडतं. टोक खाली असलं की त्याचं वजन सरळ दांडीवर येतं, फिरवणारा जोर उरत नाही. यात त्रास असा की उघडताना टोक चौकटीकडे वळतं आणि ज्या बाजूला चौकट पुढे आलेली असते तिथे बोटांची सालं निघतात. म्हणून फक्त बोक्याच्या बाजूचं हँडल उभं करा, तेही चौकट आडवी येत नसेल तर. काही हँडलांच्या गोल तबकडीतच स्प्रिंग असते. मग तबकडीही फिरवावी लागते, तिचे स्क्रू जुन्या भोकांवर येत नाहीत आणि नवी भोकं पडतात. तसं असेल तर हा नाद सोडा.

लहान मुलांसाठी मिळणारी चिकटवायची हँडल-कुलपं भाड्याच्या घराला सोयीची वाटतात. ती टिकतात की पडतात ते चिकटवण्यावर ठरतं. दार सनमायक्याचं असेल तर उत्तम. ऑइल पेंट असेल तर काढताना रंगाचा पापुद्रा निघू शकतो. जागा आधी साबणाच्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि चोवीस तास वापरू नका. हा शेवटचा भाग कोणी पाळत नाही. त्याच रात्री बोका लटकतो, कुलूप हातात येतं आणि लोक म्हणतात वस्तूच टाकाऊ. त्या चोवीस तासांत किल्ली फिरवून ठेवा.

दार बेडरूमच्या आत उघडत असेल तर आतून जमिनीवर रबराची पाचर सरकवली तरी काम होतं. प्लास्टिकची घेऊ नका, चकचकीत टाइलवर ती घसरते.

सरकत्या अॅल्युमिनियम खिडक्या आणि बाल्कनीची दारं हे वेगळं प्रकरण. तिथे बोका फटीत नखं अडकवून आडवं ओढतो. कडी किंवा लॉक सैल असेल तर ट्रॅकमध्ये लाकडी पट्टी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा टाका, बंद पल्ला आणि चौकट यांच्यामधल्या अंतरापेक्षा दोन-तीन मिलिमीटर आखूड. पट्टी कोणत्या ट्रॅकमध्ये टाकताय ते बघा. जो पल्ला सरकतो त्याच्याच ट्रॅकमध्ये ती हवी, शेजारच्या ट्रॅकमध्ये टाकली तर उपयोग शून्य. जाळीचा पल्ला बऱ्याचदा तिसऱ्या ट्रॅकमध्ये असतो, त्याला वेगळी पट्टी लागते. डासांची फायबरची जाळी म्हणजे मांजराला अडवणारी जाळी नव्हे. ती नखांनी फाटते किंवा रबराच्या खाचेतून कोपऱ्यात सुटते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर या भागाला मी स्वयंपाकघराच्या आधी हात घालेन. दूध सांडलं तर पुसता येतं.

कपाटांचंही तसंच. सिंकखालचं कपाट आणि औषधांचा ड्रॉवर यांना मुलांसाठीचे चिकटवायचे लॅच लावाच. फिनाइलसारखी फिनॉल असलेली द्रव्यं मांजराचं यकृत नीट पचवू शकत नाही, पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतते आणि डांबर गोळ्याही विषारीच. याच कारणासाठी दाराला निलगिरी तेल किंवा कापूर फासायचा घरगुती सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पंज्याला लागलेलं मांजर चाटतं.

आता बोक्याच्या डोक्यातला भाग. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली भुकेल्या मांजरांना लाकडी पेट्यांत कोंडून बाहेर खाणं ठेवलं. दोरी ओढली किंवा खिटी दाबली की पेटी उघडायची. मांजरं आधी वाट्टेल तसे पंजे मारायची, त्यातला एखादा फटका योगायोगाने बरोबर पडायचा आणि पुढच्या खेपांना निरुपयोगी हालचाली हळूहळू गळून जायच्या. तुमच्या बोक्याचं हेच झालंय. त्याला कुलपाचं यंत्र कळलेलं नाही, हँडलला लटकलं की पलीकडे काहीतरी चांगलं मिळतं एवढंच पक्कं ठाऊक आहे. म्हणजे बंदोबस्त करायचा तर शंभर टक्के करा. आठवड्यातून सहा दिवस कडी लावून सातव्या दिवशी विसरलात तर सवय मोडण्याऐवजी पक्की होते, कारण कधीतरीच मिळणारं बक्षीस मांजराला जास्त चिवट बनवतं. म्हणूनच मी माणसाच्या आठवणीवर चालणाऱ्या कडीपेक्षा आपोआप अडवणारा नॉब पसंत करतो.

दार उघडायचं थांबल्यावर सुरुवातीला त्रास वाढेल हे धरून चाला. जास्त उड्या, ओरडणं, दार खरवडणं. याच काळात वैतागून एकदा जरी दार उघडलंत तर जास्त ओरडलं की उघडतं हा नवा धडा तो शिकतो. आतून ओरडू नका, पाणी उडवू नका. त्याच्यासाठी तेही लक्ष वेधणंच असतं, किंवा मग तो तुम्हालाच बिचकायला लागतो. दार खरवडत असेल तर खालच्या दोन फुटांवर जाड पारदर्शक प्लास्टिक शीट टेपने लावा, मालकांचं पॉलिशही वाचेल.

पहाटेच्या वेळेचं कारण सरळ आहे. मांजरं झुंजुमुंजूला आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त जागी असतात आणि तुमच्याकडे पहाटेची उडी खाण्याने संपत असणार. उठल्या उठल्या त्याला खायला देणं बंद करा. आधी तुमचा चहा, मग अर्ध्या-पाऊण तासाने त्याचं ताट. रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसामागे दमेपर्यंत पळवा आणि लगेच रात्रीचं मोठं जेवण द्या. टाइमर असलेलं खाण्याचं यंत्र परवडत असेल तर ते साडेचारला लावा आणि बेडरूमपासून लांब ठेवा, मग तो तुमच्या दाराऐवजी यंत्रासमोर बसेल. नसबंदी झाली नसेल तर ती आधी करून घ्या. बाहेर मादीचा आवाज येत असताना तुमच्या पट्ट्या आणि पाचरी त्याला फार काळ थोपवणार नाहीत.

रात्री तो ज्या भागात राहील तिथे पाणी आणि मातीचा ट्रे असलाच पाहिजे. स्वयंपाकघर आणि बेडरूम दोन्ही बंद करून ट्रे बाथरूममध्ये, आणि बाथरूमलाही कडी, असं केलंत तर सकाळी सोफ्यावर उत्तर मिळेल.

राहिलं मुख्य दार. त्याला आतून आडवं हँडल असेल तर सगळ्यात आधी तिथे किल्लीचा बोल्ट लावायची सवय लावा. जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर ते लावल्याशिवाय आतलं दार उघडायचं नाही. याची उलटी बाजूही आहे: हँडलला किंवा मोकळ्या कडीला लोंबकळताना मांजर आतून कडी लावून टाकतं आणि तुम्ही कचरा टाकायला दाराबाहेर गेलेले असता. दोन मिनिटांसाठी बाहेर पडतानाही किल्ली सोबत घ्या, आतल्या कडीची मूठ उघड्या बाजूच्या खाचेत वळवून ठेवा आणि एक जादा किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन ठेवा. पण किल्ली फक्त कुलूप उघडते, आतून पडलेल्या कडीचं ती काही करू शकत नाही. तेव्हा मुठीचं विसरू नका.