‘पिगी’ हे नाव फोडलं कोणी?

प्रिय पोरी,

विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीवरचं, त्या निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी पोरांवरचं, तुझं प्रकरण वाचलं. तक्ता सुबक आहे. जॅक म्हणजे हुकूमशाही, पिगी म्हणजे विवेक, सायमन म्हणजे सदसद्विवेक, सभा बोलावायला फुंकतात तो शंख म्हणजे लोकशाही. पोरांनी निवडलेल्या पुढाऱ्याचा, राल्फचा रकाना मात्र कोरा, आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलंयस, ‘सर, ह्याचा दोष काय लिहू? हा तर चांगला आहे.’ त्या एका ओळीसाठी हे पत्र. बाकीचं प्रकरण फाडलंस तरी चालेल.

कादंबरीचं पहिलं प्रकरण पुन्हा काढ. तो जाडा, दमेकरी, चश्मा लावणारा मुलगा राल्फला विश्वासात घेऊन सांगतो, शाळेत चिडवायचे ते नाव सोडून मला काहीही म्हणा. पुढे सभा भरते. जॅक त्याला ‘जाड्या’ म्हणतो, आणि राल्फ सगळ्यांदेखत ओरडतो, जाड्या नव्हे, पिगी! हशा पिकतो. पोरं एक होतात, तो एकटा बाहेर. अजून डुक्कर मेलेलं नाही, कुणी तोंड रंगवलेलं नाही. माझ्या लेखी बेट तिथंच बुडालं. त्या पोराचं खरं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

चांगल्याचा दोष शोध. जॅकचा कुणालाही सापडेल, त्यासाठी एम.ए. कशाला करायचं?

सायमनला वादळात ठेचून मारतात, त्या घोळक्यात राल्फ आणि पिगीही असतात. दुसऱ्या दिवशी राल्फ ‘खून’ हा शब्द उच्चारतो तरी. आणि तुझा ‘विवेक’? तो म्हणतो, अपघात होता, आपण कडेला होतो, आपण काही पाहिलं नाही. जुळे भाऊ म्हणतात, आम्ही आधीच निघून गेलो होतो. ही दोन-तीन पानं सोडून तू तीस पानं लिहिलीस! पुन्हा सांगतो, चांगल्याचा दोष शोध.

आता कबुली. तुझे गाइड माझे विद्यार्थी. तो तक्ता माझाच, फळ्यावर दर वर्षी काढलेला. पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याच्या चश्म्याची भिंगं अंतर्गोल. पोरं त्याच चश्म्यानं उन्हात जाळ पेटवतात, पण अशा भिंगांनी जाळ पेटणारच नाही, ही गोल्डिंगची चूक मी रंगवून सांगायचो. वर्ग खूश व्हायचा. खुनानंतरची सकाळ मात्र ‘घरी वाचा’. पोर्शन संपवायचा असायचा, परीक्षेत तक्ताच विचारायचे. मी एकटा काय करणार होतो?

हे वाक्य कुठल्या पात्राचं वाटतं, सांग.

आमच्या स्टाफरूममध्ये एका तोतऱ्या कारकुनाला ठेवलेलं एक नाव होतं. ते मी ठेवलं नव्हतं. मी फक्त हसायचो. नोकरी नवी होती, कन्फर्मेशन व्हायचं होतं. बरं, तो स्वतःही हसायचा. असो.

गोल्डिंग स्वतः मास्तर होता, सॉल्झबरीच्या शाळेत मुलांना शिकवायचा. दुसऱ्या महायुद्धात नौदलातही होता. १९५४ साली ही कादंबरी आली, तेव्हा वर्गही पाहून झाला होता आणि युद्धही. म्हणून शेवटचं पान सावकाश वाच. पोरं हमसून रडताहेत आणि त्यांना सोडवायला आलेला अधिकारी, चांगला, पांढऱ्या गणवेशातला, तोंड फिरवून आपल्या युद्धनौकेकडे बघत थांबतो. तुझ्या तक्त्यात त्याला ओळच नाही.

मंगळवारी ये. तक्ता आणू नकोस.

तुझा,
सर