'कापूस'मधला ऊकार कुठे गेला?

प्रश्न : आमच्या जिनिंगच्या फाटकावर लाल अक्षरांचा सरकता बोर्ड बसवला. इंग्रजी नाव झकास येते, पण 'कापूस' लिहिलं की 'कापस' दिसते. 'क्विंटल'ची वेलांटी तर अर्धीच येते. बोर्डवाला म्हणतो, मराठी असंच येणार. खरं आहे का?
— एक वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर : नाही भाऊ, अजिबात खरं नाही. मी आर्वीकडे वीस वर्षं ब्रशने पाट्या रंगवल्या, आता दहा वर्षांपासून हे दिव्यांचे बोर्ड बांधतो. बोर्डात दोष नाही, अक्षर बसवताना घाई झाली आहे.

बोर्डाचं एक पॅनेल जवळून बघा. बाजारात त्याला पी-१० म्हणतात, म्हणजे एका दिव्यापासून पुढचा दिवा १० मिलिमीटरवर. आडवे ३२, उभे १६, असे ५१२ दिवे. इंग्रजी कॅपिटल अक्षराला यातले ५ आडवे आणि ७ उभे ठिपके पुरतात. ३५ ठिपक्यांत ए ते झेड सगळं बसतं. आपलं अक्षर तसं नाही. ते शिरोरेघेला लटकतं, आणि त्याचा संसार रेघेच्या वरही असतो, खालीही. पेंटर पाटीवर आधी निळीची दोरी मारतो ती या रेघेसाठीच. रेघ चुकीच्या जागी पडली की पुढचं काहीच सुधरत नाही.

घरातल्या लेकराची चौकटीची वही घ्या आणि १६ ओळी मोजा. वरच्या ३ ओळी वेलांटी, मात्रा, अनुस्वाराच्या. चौथी ओळ शिरोरेघेची. पाचवी ते बारावी, या ८ ओळी अक्षराच्या अंगाला. खालच्या ४ उकाराच्या. आता यात 'कापूस' काढा. वरच्या तीन ओळी रिकाम्या राहतील, त्या राहू द्या. तुमच्या बोर्डवाल्याला तीच जागा वाया गेली असं वाटलं असेल. त्याने अक्षर मोठं केलं, रेघ वर सरकली, अंग खाली उतरलं आणि ऊकार सतराव्या ओळीत गेला. तिथे दिवाच नाही! मग 'क्विंटल' आला तेव्हा वेलांटीला वर जागा उरली नाही.

उपाय एका संध्याकाळचा आहे. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये मराठी टाईप करू नका. कॉम्प्युटरवर 'पेंट' हा चित्रं काढायचा प्रोग्राम उघडा. चार पॅनेल असतील तर पान १२८ बाय १६ ठिपक्यांचं घ्या, पडद्यावर झूम करून वहीतल्यासारखं एकेक ठिपका भरा, काळ्या-पांढऱ्या चित्रात सेव्ह करा आणि तेच चित्र बोर्डात टाका. बहुतेक अ‍ॅप चित्र घेतात. अक्षर ठळक करायचा मोह टाळा. 'क'च्या पोटातला एक काळा ठिपका भरला तरी तिथे नुसता लाल गोळा दिसतो.

आकड्यांकडे मात्र जीव लावून बघा. एका जिनिंगला मी पहिला बोर्ड लावला तेव्हा अंक ७ ओळींत कोंबले होते. भाव होता ७९००. एका म्हाताऱ्या काकांनी रस्त्यावरून ७१०० वाचला आणि भरली गाडी वळवून परत नेली. दुसऱ्या दिवशी ते आले, तोवर भाव उतरला होता. छोट्या ठिपक्यांत ९ ची गाठ मिटते आणि तो १ दिसतो. तेव्हापासून भावाचे अंक मी पूर्ण १२ ओळींचे करतो, ९ च्या गाठीत दोन काळे ठिपके मोकळे ठेवतो, आणि रस्त्यापलीकडे उभा राहून वाचल्याशिवाय पैसे घेत नाही. तुम्हीही बोर्डवाल्याला तिथे उभं करा.

प्रश्न : पुसदला चहाची टपरी टाकतोय. मला जुन्या स्टेशनवर असायची तशी लाल ठिपक्यांची पाटी हवी. सगळे म्हणतात रंगीत स्क्रीन घे.
— एक वाचक, पुसद

उत्तर : लालच घ्या. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ साली आला, चांगला उजळ निळा थेट १९९० नंतर. मधल्या काळात बहुतेक पाट्या लाल असायच्या त्या बऱ्याच अंशी यामुळेच, आणि तुमच्या मनात बसलेला रंगही तोच आहे. एकरंगी पी-१० रंगीत स्क्रीनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. पाटीला पश्चिमेकडे तोंड देऊ नका, मे महिन्यातल्या चारच्या उन्हात काही वाचता येणार नाही. वर टिनाची झडप काढा. आतल्या पाच व्होल्टच्या पॉवर सप्लायला, म्हणजे दिव्यांना वीज देणाऱ्या डब्याला, हवा लागते, म्हणून पेटीच्या खालच्या अंगाला भोकं पाडून जाळी बसवा. नाहीतर आपल्या ४५ डिग्रीत सप्लाय पहिल्याच उन्हाळ्यात जाईल आणि पावसाळ्यात किडे भरतील. शब्द दोनच ठेवा. 'गरम चहा' स्थिर ठेवला तर चालत्या गाडीवरून वाचता येतो, सरकता ठेवला तर गाडी निघून जाते.

प्रश्न : शाळेच्या बोर्डाचा फोटो काढला की अक्षरांत काळे पट्टे येतात. दिवे गेले का?
— एक शिक्षिका, घाटंजी तालुका

उत्तर : नाही ताई, दिवे शाबूत आहेत. या पॅनेलमध्ये सगळ्या ओळी एकदम पेटत नाहीत. आधी पहिली, पाचवी, नववी, तेरावी. मग दुसरी, सहावी, दहावी, चौदावी. अशी चार पाळ्यांत फेरी होते, इतक्या झपाट्याने की डोळ्याला सलग दिसतं. कॅमेरा एखादी पाळी अर्ध्यात पकडतो. मोबाईलमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/३० सेकंदावर ठेवा, फोन भिंतीला टेकवा आणि दिवेलागणीला फोटो काढा.