नवी ‘प्रजाती’ की नवी ‘जाती’?

प्रश्न असा आला आहे : ‘कोल्हापूर जिल्ह्यात पालीची नवी प्रजाती’ अशी वाक्यं वाचनात येतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड शिकवतात. मग सापडली ती प्रजाती की जाती?

जाती. मराठी परिभाषेत जाती ही सगळ्यांत खालची पायरी आणि प्रजाती तिच्या लगेच वरची. हिंदीत या वरच्या पायरीला ‘वंश’ म्हणतात आणि खालच्या पायरीला ‘जाति’ किंवा ‘प्रजाति’. हिंदी मजकुरातला शब्द तसाच उचलला की मराठीत एक पायरी चुकते. ही चूक किरकोळ नाही. पँथेरा या एका प्रजातीत वाघ, सिंह, बिबट्या, जॅग्वार आणि हिमबिबट्या अशा पाच जाती येतात. शब्द बदलला की आकडाही खोटा ठरतो.

आता ती पाल. दाजीपूरच्या जंगलातल्या या पालीला २००९ साली नेमॅस्पिस कोल्हापुरेन्सिस हे नाव मिळालं. यातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा त्या प्रजातीतली नेमकी जाती सांगणारा. नेमॅस्पिस ही प्रजाती १८८७ सालीच स्थापन झाली होती. २००९ मध्ये नवा होता तो दुसरा शब्द, म्हणून नवी जाती. कुठलीही बातमी अशीच तपासावी. पहिला शब्द आधीपासून वापरात असेल, तर ‘नवी प्रजाती’ लिहिता येत नाही. पहिला शब्दच नव्याने घडवला असेल, तर प्रजाती नवी. मात्र तिच्यात घातलेली जाती जुनी, आधी दुसऱ्या प्रजातीत गणलेलीही असू शकते.

दुसरा शब्द एकटा लिहू नये. ‘कोल्हापुरेन्सिस’ म्हणजे नुसतं ‘कोल्हापूरची’. काय कोल्हापूरचं, ते पहिल्या शब्दाशिवाय कळत नाही. गेंदाच्या गटातल्या एका वनस्पतीचं नाव एरिओकॉलॉन कोल्हापुरेन्से आहे. इथे शेवट ‘सिस’ऐवजी ‘से’ का? ही छपाईतली चूक नाही. लॅटिन विशेषण प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे चालतं, आपल्या काळा-काळी-काळं यासारखं. एरिओकॉलॉन नपुंसकलिंगी, म्हणून ‘एन्से’. नेमॅस्पिस स्त्रीलिंगी, म्हणून ‘एन्सिस’. (पुल्लिंगातही ‘एन्सिस’च राहतं.) दोन्ही नावं ‘एकसारखी करून घेण्याचा’ मोह संपादकांनी जरूर टाळावा.

गव्याच्या बाबतीत गोंधळ आणखी जुना आहे. राधानगरीकडचा गवा बातम्यांत सर्रास ‘गवारेडा’ होतो. रेडा म्हणजे म्हशीचा नर, आणि म्हैस बुबॅलस प्रजातीतली. गवा बॉस गॉरस. गाय आणि याकही याच बॉस प्रजातीतले. म्हणजे गवा गाईच्या जवळचा. म्हशीशी त्याचं नातं एक पायरी वर, बोव्हिडी या कुलात जुळतं. ‘बायसन’ हे नावही त्याचं नव्हे, ते अमेरिका आणि युरोपातल्या वेगळ्या प्राण्यांचं. ‘गवा’ हा शब्द पुरेसा नेमका आहे, त्याला शेपूट लावायची गरज नाही.

लिहिण्याबद्दल थोडं. रोमन लिपीत पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं आणि दुसऱ्याचं लहान असतं. देवनागरीत ही खूण हरवते, त्यामुळे दोन शब्द सुटेच ठेवावेत, मध्ये जोडरेघ घालू नये आणि शक्य तिथे तिरपा टाइप वापरावा. पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्यावं, पुढे ‘बॉ. गॉरस’ चालतं. देवनागरीत बॉस आणि बुबॅलस यांची संक्षिप्त रूपं ‘बॉ.’ आणि ‘बु.’ अशी वेगळी राहतात; रोमनमध्ये दोन्ही एकाच अक्षरावर येतात, तिथे एकाच लेखात दोघं असतील तर पूर्ण नावच बरं. शुद्धलेखनात एकवचन ‘एक जाती’, अनेकवचनही ‘दोन जाती’. समासात मात्र इकार ऱ्हस्व : जातिनाम, प्रजातिनाम. तीन शब्दांचं प्राणिनाम दिसलं तर ती उपजाती.

राहिला ‘जात’ हा शब्द. ‘ऊस कुठल्या जातीचा लावलाय?’ असं शिरोळ-करवीरकडे विचारतात आणि उत्तर येतं, ‘शहाऐंशी शून्य बत्तीस’. बोलण्यात यात काहीच चूक नाही, पण लिहिताना को ८६०३२ हा ‘वाण’ म्हणावा. त्यातला ‘को’ कोइमतूरचा. वाणाचं नाव तिरप्या टाइपात छापत नाहीत. शिवाय आज लागवडीत असलेले वाण सॅकॅरम प्रजातीतल्या एकाहून अधिक जातींच्या संकरातून आले आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे नुसतं सॅकॅरम ऑफिसिनेरम लिहिणंही काटेकोर नाही. ‘सॅकॅरम संकर, वाण को ८६०३२’ असं लिहावं.